लुगडं सर्वांत वर ठेवायचं होतं

मस्कत
बुधवार, १२ मार्च १९८६

दादा,

अर्धं पान लिहून झालं तेव्हा आठवलं की वर श्री काढायचा राहिला. म्हणून तो कोपऱ्यात कसाबसा बसवलाय, बघ. मास्तर सांगायचे, वडीलमाणसाला पत्रात तुम्ही लिहावं. पण तुला तुम्ही म्हटलं की तू कोणी तलाठी वाटतोस. तेव्हा तूच लिहितो. चौथी नापासाला एवढं माफ.

तू शनिवारी गेलास आणि खोली उगाच मोठी झाली. धाकू तुझ्या खाटेवर पाय पसरून झोपतो नि म्हणतो, भागोजी सुटीवरून येईपर्यंत मीच साहेब. भात मी लावतो. तो रोज करपतो. धाकू म्हणतो विमानतळावर ब्यागा उचलणाऱ्याने भाताला हात लावू नये, ते सेंटरिंगच्या सुताराचंच काम. म्हणजे तुझं.

पोचलास ना सुखरूप? सामान सगळं पोचलं ना? सहज विचारतोय. खोलीतले सगळे विचारतात म्हणून विचारतोय. आपल्या पाच जणांचं मिळून देवीचं लुगडं तुझ्या ब्यागेत, तेव्हा काळजी वाटणारच. तीन शुक्रवार तू आम्हाला मत्राच्या बाजारात फिरवलंस. हा काठ फिका, तो रंग भडक, असं करत शेवटी पहिल्या दुकानातलं पहिलंच अबोली लुगडं घेतलंस. दुकानदार पण हसला. पण आहे खरं देवीजोगं. गेल्या शिमग्याला पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली तेव्हा गावकीचे महिपतकाका सगळ्यांदेखत बोलले होते, मुंबईवाल्यांनी देवीला घंटा दिली, मस्कतवाले नुसता अत्तराचा वास देऊन जातात. त्यांना म्हणावं, आता बघा पालखीत.

सदू गुरवाने पावणाईच्या रूपांना, त्या मुखवट्यांना, ते नेसवलं की कसं दिसतं ते लिही. आणि यंदा पालखीचा पुढचा दांडा तुझ्या खांद्यावर येईल तेव्हा माझं पण एक गाऱ्हाणं घाल. काय ते सांगत नाही. देवीला कळेल.

तुझं विमान निघालं तेव्हा मी खालीच होतो, पलीकडच्या विमानाशी. हात करणार होतो. पण खिडक्या एवढ्या, त्यातली तुझी कुठली ती कशी कळणार?

सामान पोचलं की नाही ते आधी लिही. बाकी मागाहून.

तुझा
रघू


कातळकोंड, ता. लांजा
शुक्रवार, २८ मार्च १९८६

चि. रघू,

तुझं पत्र आलं. श्री कोपऱ्यात बसलाय, पण बसलाय हे बरं.

ब्याग आली नाही. मुंबईत उतरलो, सामानाचा पट्टा फिरतो तिथे उभा राहिलो. लोकांच्या ब्यागा आल्या, पंखे आले, एकाची तर शिलाई मशीन आली. सगळे निघून गेले. शेवटी कुणाची तरी एकच काळी छत्री गरागरा फिरत राहिली. मग पट्टा पण थांबला. तरी मी अर्धा तास उभाच.

ऑफिसातला म्हणाला, तुमची ब्याग मस्कतला चढलीच नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर म्हणाला, मस्कतहून तार आली, ते म्हणतात आम्ही चढवली, मुंबईत शोधा. तिसऱ्या दिवशी तिसराच माणूस बसलेला. तो म्हणाला, प्रवाशाने नाव इंग्रजीत लिहायला हवं होतं, तुम्ही काय हे रंगाने मराठी लिहून ठेवता. म्हणजे फिरून फिरून चूक माझीच निघाली. एक कागद भरून घेतला. ब्यागेचा रंग? हिरवा. आत काय? म्हटलं देवीचं लुगडं. किंमत? म्हटलं, अजून नेसली नाही ती, किंमत आत्ताच कशी सांगू? तो वैतागला.

तीन दिवस गाववाल्यांच्या गिरगावच्या खोलीत काढले आणि हात हलवत एसटीने लांज्याला उतरलो. गावात थोडी चर्चा झाली. होणारच. मी आधी पत्र टाकून कळवलं होतं, लुगडं घेऊन येतो म्हणून. मास्तरांनी ते देवळात वाचून दाखवलेलं. पण तू काळजी करू नको. शिमगा बरा झाला. यंदा मी पालखीला खांदा दिला नाही, पाठ जरा भरली होती.

आता तुझ्याकडे काम. तू तिथेच असतोस. माझ्या विमानाचं सामान भरायला त्या दिवशी कोण होता ते बघ. त्याला शिव्या देऊ नको, दम देऊ नको. तुझ्यासारखाच कोणी गरिबाचा पोरगा असेल. घाईत माणसाच्या हातून राहून जातं. त्याला म्हणावं, ब्याग मिळाली तर मिळाली, न मिळाली तरी चालेल, खरं काय झालं तेवढं सांग. मला तेवढंच कळायला हवंय.

तुमच्या घरी काकी बरी आहे. तुझी धाकटी बहीण जनी आठवीत गेली की तुझं नाव काढणार नाही, एवढी शिष्ट झाल्येय.

तुझा
भागोजी


मस्कत
शुक्रवार, ११ एप्रिल १९८६

दादा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तीनदा वाचलं. धाकूला वाचून दाखवलं तेव्हा मधलं थोडं गाळलं.

मी सगळ्यांना विचारलं. त्या दिवशी तुझ्या विमानावर माझी पाळी नव्हती. ज्यांची होती त्यातला एक मलबारी सुटीवर गेला, एक काम सोडून गेला. आता कुणाला विचारायचं? हे विमानवाले सगळे असेच. तिकडचा इकडे बोट दाखवतो, इकडचा तिकडे. प्रवासी बिचारा मधल्या मधे. आम्ही इथे रोज बघतो. एकदा तर कुणाचं मडकं फुटलं, आत लोणचं, सगळ्या ब्यागांना तेल लागलं. मुकादम म्हणाला पाऊस पडला म्हणून सांगा. मस्कतात पाऊस!

मुंबईवाल्यांनीच हरवली असणार. मला खात्री आहे.

तू शिव्या देऊ नको म्हणतोस ते मला पटत नाही. असल्या माणसाला शिव्या द्यायलाच पाहिजेत. मी असतो तर काय केलं असतं देव जाणे.

आम्ही चौघं मिळून तसंच दुसरं लुगडं पाठवतो. त्या दुकानात अजून एक आहे, मी बघून आलो. काठ तोच. मग कोण बोलणार आहे?

पाठ भरली म्हणतोस, ते काय? सेंटरिंगच्या फळ्या तू दोन दोन उचलतोस. तुझी पाठ भरलेली मी कधी बघितली नाही. शेक घे.

माझं इथे मन लागत नाही. दुबईला एक जण बोलावतोय, तिकडे जाईन म्हणतो. इथे रोज त्याच त्या ब्यागा. स्वप्नात पण नावं वाचत असतो. तूच मुकादमाला हातापाया पडून मला इथे चिकटवलंस, हे विसरलो नाही. तरी पण.

तुझा
रघू


कातळकोंड
शनिवार, १२ एप्रिल १९८६

प्रिय रघूदादास,

आई सांगत्येय तसं लिहिते. खाली माझं वेगळं आहे.

रघू, बाबा बरा आहेस ना. जेवतोस ना. तुझ्या त्या दादाचा प्रताप तुला कळला असेल. देवीचं लुगडं मुंबईत विकलान नि इथे येऊन सांगतो ब्याग हरवली. एवढी माणसं येतात जातात, कुणाची नाही हरवत, याचीच बरी हरवली, नि ती पण देवीची. तू माझ्यासाठी त्यात शाल दिलेलीस, ती पण गेली. मी सहाणेवर सरळ बोलले. म्हटलं माझा पोरगा विमानतळावर आहे. दुसऱ्याचं सामान डोळ्यात तेल घालून चढवतो. त्याच्या राज्यात ब्याग हरवते कशी? मग लोकांनी पण तोंड उघडलं. तू त्याच्याशी फार संबंध ठेवू नको. परत एकत्र राहू नको. खोकल्याला आडुळशाचा पाला पाठवते.

आईचं संपलं. ती परसात गेली. आता माझं.

भागोजीदादाने तुला काय लिहिलंन मला माहीत नाही. पाठबीठ काही भरली नव्हती. पालखी देवळातून खाली आली तेव्हा तो नवा सदरा घालून पुढच्या दांड्याशी गेला, त्यांच्या घराण्याचा मानच आहे तो. महिपतकाकांनी त्याच्या छातीला हात लावला नि म्हणाले, "भागोजी, लुगडं येईल तेव्हा खांदा येईल. तोवर बंद." दादाने खिशातून ती ब्यागेची पावती काढली, तिकिटाला चिकटवतात ती. काका म्हणाले, "ही ब्यागेची पावती आहे. लुगड्याची नाही." सगळे हसले. दादा पण हसला, मला ते बघवेना. मग तो ढोलवाल्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. पालखी नाचली तेवढा वेळ उभाच होता. मला वाटलं जाईल घरी. नाही गेला.

गंगावहिनी विहिरीवर आली की बायका घागरी उचलून चालायला लागतात. त्यात आपली आई पहिली.

दादाचं परतीचं विमान ८ मेला आहे. पण तो म्हणतो जाणार नाही. आत्ता गेलो तर पळाला म्हणतील. वहिनी रडते, नोकरी जाईल म्हणून. आणि तुम्ही दुसरं लुगडं पाठवायचा विचार केलात तर तो नका करू. काका बोललेत, दुसरं आणलंन तर समजायचं पहिलं विकलंन होतं.

रघूदादा, मी लहान आहे पण एक विचारते. तू विमानाजवळ असतोस. तुला काहीतरी माहीत असेल. तू लिहिलंस तर मी सहाणेवर उभी राहून वाचीन. मला वाचायची लाज वाटत नाही.

जनी


मस्कत
शनिवार, २६ एप्रिल १९८६

महिपतकाका आणि कातळकोंडची सगळी मंडळी,

हे पत्र धाकूच्या हाती देतोय, तो आज सुटीवर निघाला. त्याला बजावलंय की भागोजीदादाच्या हातात देऊ नको, तो ते लपवील. काकांच्या हातात दे. जनीने सहाणेवर वाचावं. मधलं काही गाळू नये.

ब्याग माझ्या हातून राहिली.

८ मार्चला दादाच्या विमानावर माझीच पाळी होती. मी त्याला लिहिलं, पाळी नव्हती म्हणून, ते खोटं. सामानाची गाडी विमानाजवळ लागली. शे-सव्वाशे ब्यागा. आम्ही एक एक उचलून विमानाच्या पोटात टाकतो. खरं सांगतो, ठेवत नाही, टाकतो. आतला माणूस ब्यागांवर पाय देऊनच पुढे सरकतो, दुसरा रस्ता नसतो. त्यात ही हिरवी ब्याग आली. वर पांढऱ्या रंगाने दादाच्या हातचं, भागोजी धोंडू, मु. कातळकोंड, ता. लांजा. माझ्या हातात गावच आलं असं झालं. आत देवीचं वस्त्र आहे हे मला माहीत. घडी घातली तेव्हा मी शेजारी होतो. आता ती खाली कशी टाकू? तिच्यावर कुणाचे बूट, कुणाच्या चपला भरलेल्या पेट्या पडणार. कुणाचा तरी पाय पडणार. मला धीर झाला नाही. मी ब्याग डोक्याला लावली नि शिडीच्या सावलीत एक फळी होती तिच्यावर ठेवली. म्हटलं सगळं भरून होऊ दे, शेवटी मी स्वतः आत चढून सर्वांत वर ठेवीन.

तेवढ्यात मुकादमाने हाक मारली. पलीकडच्या विमानाचा पट्टा अडकला होता. गेलो. परत वळून बघतो तर पोटाचं दार लागलेलं, शिडी काढलेली आणि विमान हललेलं. ब्याग फळीवर.

इथपर्यंत चूक. इथून पुढे पाप.

तेव्हाच ऑफिसात जाऊन सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ब्याग मुंबईला पोचली असती. पण इथला नियम आहे, ज्याच्या हातून सामान राहील त्याला घरी पाठवायचं. मला लागून आठच महिने झालेले. मी इकडे तिकडे बघितलं. ब्याग उचलली आणि शेजारी एक भरलेली गाडी उभी होती तिच्यावर ढकलून दिली. ती गाडी कुठल्या विमानाला जाणार हेसुद्धा बघितलं नाही. ज्या ब्यागेवर पाय पडू नये म्हणून एवढं केलं, ती मी लाथेने सारल्यासारखी सारली.

मग दादाचं पत्र आलं. तो म्हणतो, ज्याच्या हातून झालं त्याला शिव्या देऊ नको. मी त्याला उलट लिहिलं, द्यायलाच पाहिजेत. एवढं एकच त्या पत्रात खरं होतं.

१७ एप्रिलला बेवारशी सामानाच्या खोलीत काही टाकायला गेलो तर ब्याग तिथे. कराचीला जाऊन परत आली म्हणतात. तिची चिठ्ठी फाटलेली. वरचं नाव एवढं मोठं, पण त्या खोलीत ते वाचता येणारा मी एकटा. रोज जात होतो, नाव वाचत होतो नि दार लावून परत येत होतो. पाच दिवस. कशी गुपचूप पाठवता येईल त्याचाच विचार. मग जनीचं पत्र आलं. तेव्हा कळलं की नुसती ब्याग पाठवून भागणार नाही. तुम्ही म्हणाल दुसरं लुगडं घेतलं. ब्यागेबरोबर माणूस पण यायला पाहिजे.

काल ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. ओरडलं कोणी नाही. एक कागद पुढे केला, मी अंगठ्याऐवजी सही केली. ७ मेला मला घरी पाठवतात. ब्याग माझ्या ताब्यात दिलीय. उघडून बघितली. लुगडं आहे. शाल आहे. घडी मोडलेली नाही.

काका, तुम्ही म्हणालात पावती ब्यागेची आहे, लुगड्याची नाही. ते बरोबरच. लुगड्याची पावती मी आहे. दादाचा खांदा उघडा. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते ठरवा.

आये, तू दादाला जे जे बोललीस ते सगळं माझ्या नावावर घाल. आणि डोळ्यात तेल घालून म्हणालीस, ते परत कुणापुढे बोलू नको. मला ऐकवत नाही.

रघू


कातळकोंड
मंगळवार, ६ मे १९८६

रघू,

हे पत्र टपालात टाकत नाही. जनीकडे ठेवून जातोय. तू उद्या मुंबईत उतरशील, मी परवा चढेन. गिरगावच्या खोलीत भेटलो तरी भेटू. पण आपण भेटलो की काही बोलत नाही, नुसता भात जेवतो. म्हणून लिहितो.

धाकूने पत्र काकांना दिलं. जनी वाचायला उभी राहिली. आवाज खणखणीत. 'इथून पुढे पाप' इथे अडकली. काका म्हणाले, "वाच गो." तिने वाचलं.  संपल्यावर सदू गुरव उगाच समईची वात सारत बसला. काकी सगळ्यांच्या मधून उठली, पदर तोंडाशी, नि सरळ विहिरीच्या वाटेने गेली.  मी मागे धावलो. तर ती गंगीची घागर भरून आमच्या ओटीवर ठेवत होती.  घागर ठेवली नि गेली. दुसऱ्या दिवशी पण भरून ठेवलीन. आज तिसरा दिवस.

काका म्हणाले, "भागोजी, तुझा खांदा उघडला. पोराचा येता शिमगा बंद." मी म्हटलं, काका, त्याने आपणहून सांगितलंय, सोडा. ते म्हणाले, "तू मधे पडू नको. तू मधे पडलास की पांघरूणच घालतोस, ते आम्ही आत्ताच ऐकलं."

आता माझं ऐक. तू विचारलं होतंस, खिडक्या एवढ्या, त्यातली तुझी कुठली. पंखाच्या मागची तिसरी. मी खिडकीशीच होतो. तू गाडीवरून माझी ब्याग उचललीस, डोक्याला लावलीस, सावलीत नेऊन ठेवलीस. शेजारी एक मलबारी म्हातारा होता, त्याला मी बोट दाखवून सांगितलं, तो माझा भाऊ. त्याला काय कळलं देव जाणे, पण मान हलवलीन. मग विमान हललं. ब्याग तशीच फळीवर. मी काचेवर हात आपटला. काचेला काय ऐकू जातं?

तेव्हा मुंबईत पट्ट्यापुढे उभा राहिलो तो उगाचच. वाटलं, तू काहीतरी केलं असशील.

गावात बोललो नाही. बोललो असतो तर म्हणाले असते, भावावर ढकलतोय. शिवाय काकीच्या तोंडावर कसं सांगू? म्हटलं तू लिहिशील. तुला वाट करून दिली. तुझं पत्र आलं, माझी पाळी नव्हती. रघू, खांदा बंद झाला तेव्हा मी घरी येऊन जेवलो. त्या पत्राच्या दिवशी नाही जेवलो. गंगीला पण ते दाखवलं नाही. चुलीत टाकलं.

पण पाठ भरली असं मी पण खोटंच लिहिलं होतं. म्हणजे सोवळा मी पण नाही. संपलं आता.

परसातल्या फणसाचा एक तुझ्यासाठी ठेवलाय. पिकल्यावर काढ, घाई करू नको.

भागोजी


कातळकोंड
सोमवार, १२ मे १९८६

दादा,

या वेळी श्री आधी काढला.

मुंबईत खोलीवर गेलो नाही. गेलो असतो तर तू भेटला असतास. माझं पत्र वाचून झालं असलं तर तू ८ च्या विमानाला तिथे असणार, हे माहीत होतं म्हणूनच गेलो नाही. ब्याग खांद्यावर टाकून सरळ एसटी स्टँडवर जाऊन बसलो. तोंड दाखवायचं होतं, पण ते आधी देवीला आणि मग तुला, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे भ्यालो.

पण आधी मस्कतचं सांगतो. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, ही ब्याग मी मांडीवर घेतो. ती म्हणाली एवढी मोठी वर चालत नाही, पोटात जाईल. मी म्हटलं, बाई, देवीचं आहे. तिला वाटलं मी फुटण्याची वस्तू म्हणतोय. काचेच्या पेल्याचं चित्र असलेला कागद चिकटवला नि पट्ट्यावर ढकलली. गेली. 

खिडकी मिळाली. खाली सामानाची गाडी लागली. दोघं होते. एक जुना, एक नवा पोरगा, माझ्या जागी घेतलेला असेल. टोपी त्याला मोठी होत होती. त्याने तुझी ब्याग उचललीन. नाव बघितलं नाही, कागदावरचा पेला पण नाही. डोक्याला लावण्याचा तर प्रश्नच नाही. धाडकन पट्ट्यावर टाकलीन. तिच्या मागे कुणाची लोखंडी पेटी, त्यामागे गादीची वळकटी. सगळं आत गेलं, दार लागलं. मी काचेला कपाळ लावून बसलो होतो. म्हटलं, पावणाई, रागावू नको गो. पोचायचं तर असंच, सगळ्यांच्या सामानाबरोबर, खाली.

मुंबईच्या पट्ट्यावर ती अकरावी आली. मी मोजत होतो.

लांज्याला उतरलो तो घरी गेलो नाही, देवळात गेलो. सदू गुरवाने काकांना बोलावलं. काकांनी लुगडं उलगडलं, काठ दोन बोटांत धरून बघितला, नाकाशी नेला. "वास कसला येतो रे याला?" मी म्हटलं, "कराचीचा." कोणी हसलं नाही. मग काकाच हसले, तेव्हा बाकीचे. लुगडं देवीच्या पेटीत ठेवलंय, रूपांबरोबर. शिमग्याला नेसवतील.

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. शाल दिली तर घेतली नाही, गंगावहिनीला नेऊन दिलीन. आज वहिनी तीच शाल परत घेऊन आली. आता दोघी मागच्या दारात बसल्यात, शाल मधे. आवाज येतोय पण भांडणाचा वाटत नाही. जनीला बघायला पाठवलंय.

तुझं पत्र काल वाचलं. पहिलं पत्र लिहिताना मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या विमानातून खालच्या ब्यागवाल्याला कोण बघतंय. आता मीच त्या खिडकीत बसून आलो. माणूस एवढासा दिसतो, बोटाएवढा. पण काय करतोय ते सगळं दिसतं. तू दोन महिने ते डोळ्यात घेऊन इथे फिरलास नि मला लिहिलंस, शिव्या देऊ नको.

शिमग्याला ये. खांदा मला बंद आहे, ते योग्यच. पण पालखीपुढची वाट झाडायला बंदी आहे का, हे मी काकांना विचारून घेतलं. म्हणाले, "झाड की मेल्या, त्याला कोण नाही म्हणतं?" तेव्हा पुढच्या दांड्याला तू असशील आणि तुझ्या पायांपुढे झाडू घेऊन मी. मागच्या वेळी राहिलं. या खेपेला हात करीन.

तुझा
रघू